आधी दारू, मग ॲसिड

आमच्या घरात दारू तयार होतेय, हे घरातल्यांत सगळ्यांत शेवटी कळलं ते माझ्या सासऱ्यांना. आणि नेमकं त्यांनाच ते कळायला नको होतं. गावातली दारूभट्टी बंद करण्यासाठी बायकांना बरोबर घेऊन जी मोजकी माणसं पुढं झाली होती, त्यांत ते पहिले. पोलीस ठाण्यात अर्ज देण्यापासून ग्रामसभेत हात वर करून घेण्यापर्यंत सगळं त्यांनी केलेलं. भट्टीची पिंपं रस्त्यावर आडवी झाली त्या दिवशी माझ्या सासूबाईही त्या घोळक्यात होत्या. हे मी लग्न होऊन आल्यावर इतक्या जणांकडून ऐकलं की मी तिथं नव्हते हे मलाच कधीकधी खरं वाटायचं नाही.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत, त्यामुळं गाड्यांच्या आवाजातच माझा अभ्यास झाला. पुण्याला जाऊन ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि लग्न होऊन नदी ओलांडून मांडवगण फराट्याला आले. नवरा रांजणगावच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये. मी शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावीला केमिस्ट्री शिकवते. सकाळी न्हावऱ्यामार्गे जायचं, दुपार उतरताना यायचं, असा क्रम.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्यांशी माझं पहिल्या महिन्यातच जमलं. मामांशी भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. सुनेशी थेट बोलायचं नाही असा घरात काही नियम नव्हता, फक्त सवय नव्हती. भाजीत मीठ कमी असलं तर मी समोर उभी असतानाही ते आत्यांना म्हणायचे, "तिला म्हणावं, मीठ जरा कमी पडलंय." मग मीही आत्यांकडं बघून म्हणायचे, "बरं, उद्या बघते." आत्या दोघांच्या मध्ये बसून जेवत राहायच्या. आमचं असं कितीतरी वर्षं चाललं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

ड्रमाची गोष्ट सुरू झाली ती आत्यांच्या जिभेमुळं. नदीपलीकडं, दौंडच्या बाजूला, आमच्या एका नातेवाइकांच्या रानात गुऱ्हाळ आहे. ते उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब चालवतं. आत्या काकवी आणायला गेल्या होत्या. दुपारची वेळ होती, तर तिथल्या बाईंनी त्यांना जेवायला बसवलं. ताटात कांद्याच्या फोडी होत्या, कशात तरी मुरवलेल्या. आत्यांनी एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि मग त्यांच्या हिंदीत विचारलं, "ये किसमें भिगाया है?"

"गन्ने का सिरका है, माँजी. घर का बनाया."

येताना काकवीबरोबर सिरक्याची एक छोटी बाटली आली. आत्यांनी ती काकडीवर घातली, कोबीवर घातली, कांद्यावर तर रोजच. बाटली संपली तेव्हा ती उलटी करून शेवटचा थेंब हातावर घेतला आणि मला म्हणाल्या, "तू केमिस्ट्री शिकवतीस नव्हं? मग हे करून दाव."

मी लगेच हो म्हटलं. सिरका म्हणजे व्हिनेगर, म्हणजे ॲसिटिक ॲसिड. मी ते दरवर्षी फळ्यावर करत होते. साखरेपासून इथेनॉल, एक बाण. इथेनॉलपासून इथेनॉइक ॲसिड, दुसरा बाण. खडू खाली ठेवला की झालं. हातानं मात्र मी ते कधी केलेलं नव्हतं.

त्याच सुमाराला बारावीच्या उन्हाळी वर्गात एका मुलीनं मला अडवलं होतं. पहिल्या बाकावर बसणारी, कमी बोलणारी मुलगी. तिनं विचारलं, "मॅडम, अल्कोहोलमध्ये पण ओएच आहे आणि ॲसिडमध्ये पण ओएच आहे. हायड्रोजन दोन्हीकडं ऑक्सिजनलाच चिकटलाय. मग एकाला आम्ल म्हणायचं आणि दुसऱ्याला नाही, असं का?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. रेझोनन्सनं कार्बोक्झिलेट आयन स्थिर होतो, म्हणून. फळ्यावर दोन आकृत्या काढल्या, मध्ये दुहेरी टोकांचा बाण. तिनं ते वहीत उतरवून घेतलं, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं नाही. खरं म्हणजे मलाही आपण काही सांगितलं असं वाटलं नाही.

तर, ड्रम. पाणी भरायचा एक नवा कोरा पांढरा ड्रम आम्ही आणला. आमच्याच उसाचा रस रसवंतीवर काढून घेतला, दुहेरी कापडातून गाळला, उकळून गार केलेलं पाणी घालून थोडा पातळ केला. ड्रम ठेवला गोठ्याशेजारच्या खोलीत, जिथं कांदा आणि बियाणं ठेवतात. वरून जुन्या साडीचं सुती कापड बांधलं. उन्हाळ्याचे दिवस होते, त्यामुळं फार वाट बघावी लागली नाही. रसावर फेस आला आणि आतून बारीक चुळचुळ ऐकू यायला लागली. आत्या ड्रमाला कान लावून उभ्या राहायच्या आणि मला हातानं खूण करायच्या, तू पण ऐक. मी पण ऐकायचे. रस बोलायला लागलाय असं त्या म्हणायच्या.

आधी वास गोड होता. मग पावासारखा झाला. आणि मग एका सकाळी कापड बाजूला केल्यावर आत्या एकदम मागं सरल्या. भट्टीची पिंपं आडवी केली तेव्हा त्या तिथं होत्या, हा वास कसला हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"अगं, ह्यो वास तर..."

"हो, आत्या."

"म्हंजी ह्यात..."

"मधली पायरी आहे ही. आधी साखरेची दारू होते, मग त्या दारूचं ॲसिड. थांबायचं फक्त."

आत्या कांद्याच्या पोत्यावर बसल्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि खांदे हलवत हसायला लागल्या. बराच वेळ त्यांना बोलताच येईना.

"ह्यांना कळलं तर?" शेवटी त्या म्हणाल्या.

"सिरका झाल्यावर सांगू."

"व्हय. तवाच सांगू."

पण ते तेव्हापर्यंत टिकलं नाही. शेजारचे आप्पा रोज सकाळी आमच्या ओट्यावर पेपर वाचायला येतात. मामांचे लहानपणापासूनचे मित्र, आणि गावात कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्यांना शिजायच्या आधी माहीत असतं. त्या दिवशी पेपर अर्ध्यावर खाली ठेवून ते म्हणाले, "तुमच्या गोठ्याकून कसला वास येतोय? जनावरांना मळी-बिळी चालू केली का काय?"

मामा उठले आणि गोठ्याकडं गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ते खोलीत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत्या भाकरी थापत होत्या. मी पीठ मळत होते.

"तिला विचार," मामा आत्यांना म्हणाले, "त्या ड्रमात काय हाय."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आत्यांना म्हटलं, "उसाचा रस आहे म्हणावं."

"उसाचा रस हाय म्हणती."

"रसाला असला वास येतो व्हय? तिला म्हणावं, नीट सांग."

"नीट सांग म्हणत्यात."

"सिरका करतोय आम्ही, म्हणावं. तो आंबतोय अजून."

आत्यांनी भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "तुमी दोघं एकमेकांशी बोला की," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळत न्हाई, आन् माझी भाकरी करपतीय."

मामा क्षणभर गोंधळले. मीही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, मला वाटतं पहिल्यांदाच नीट, आणि म्हणाले, "पोरी, खरं सांग. त्यात दारू हाय का न्हाई?"

खोटं बोलायचं माझ्या मनातही आलं नाही. "आहे, मामा."

त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकवला.

"आज आहे. पण राहणार नाही. हवेतले जंतू दारूवर बसतात आणि तिचं ॲसिड करतात. ॲसिटिक ॲसिड. तेच पाण्यात थोडंसं असलं की त्याला सिरका म्हणतात."

मामांनी हे मनात नीट लावून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी आधी दारू आन् मग ॲसिड. बरं चाललंय आमच्या घरात."

मला हसू आलं. येऊ द्यायला नको होतं, पण आलं. आणि मी बघितलं तर मामांच्याही मिशीची कड हलली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मामांनी गोठ्यातून हाक मारली, थेट मलाच, "ये गं जरा इकडं." मी गेले. ते गुरांसाठी घास कापून आणलेला भारा सोडत होते. ड्रमाच्या खोलीचं दार उघडं होतं.

"मी रातभर इचार केला," ते म्हणाले. "दारू मला ठाऊक हाय. ॲसिड पण ठाऊक हाय, संडासात टाकत्यात ते. फरशी पांढरी पडती त्यानं. ते तू आम्हाला खायला घालणार?"

"चिंच खातो की आपण, मामा. लिंबू खातो, ताक पितो. त्यातही ॲसिडच असतं. आंबट लागतं ते त्यामुळंच."

"मग ॲसिड म्हंजी नेमकं काय?"

बारावीच्या मुलांना मी ही व्याख्या कितीदा लिहून दिली होती. इथं ती लिहून देऊन भागणार नव्हतं. मी खाली बसले आणि काडीनं मातीत काढायला लागले.

"हा दारूचा कण. ह्याच्या टोकाला एक ऑक्सिजन असतो, आणि त्याला धरून एक हायड्रोजन. हा सिरक्याचा कण. ह्यालाही तसंच. फक्त ह्याच्या शेजारी आणखी एक ऑक्सिजन असतो. फरक एवढाच. आता ॲसिड कुणाला म्हणायचं, तर जो आपला हायड्रोजन सोडून देतो त्याला. त्या सुटलेल्या हायड्रोजनमुळं जिभेला आंबट लागतं."

"मग दारू का सोडत न्हाई?"

त्या मुलीचाच प्रश्न, तसाच्या तसा. ह्या वेळी मला बाण काढायचा नव्हता.

"हायड्रोजन जाताना एक भार मागं टाकून जातो," मी म्हटलं. "तो भार मागं राहिलेल्याला वाहावा लागतो. दारूमध्ये तो एकट्या ऑक्सिजनच्या डोक्यावर येतो. त्याला ते जड जातं, म्हणून तो हायड्रोजनला सोडतच नाही, धरून ठेवतो. सिरक्यात दोन ऑक्सिजन आहेत. भार दोघांत वाटला जातो. अर्धा ह्याच्याकडं, अर्धा त्याच्याकडं."

मामांनी हातातल्या घासाकडं बघितलं. "म्हंजी हा भारा मी एकट्यानं आणायचा, का दोघांनी दोन बाजूंनी धरून आणायचा."

"तसंच."

"दोघं असल्यावर मग सोडायला जीवावर येत न्हाई."

"नाही येत. आणि तरीसुद्धा सिरक्यातले सगळेच कण सोडत नाहीत. थोडेच सोडतात, बाकीचे धरूनच बसतात. तुमच्या त्या संडासच्या बाटलीतलं ॲसिड सगळंच्या सगळं सोडून मोकळं होतं. म्हणून ते भाजतं आणि हे भाजत नाही."

ते मातीतल्या आकृत्यांकडं बराच वेळ बघत राहिले. एका गाईनं मान पुढं करून दारूच्या कणावर लाळ गाळली. मामांनी तिला बाजूला केलं आणि म्हणाले, "ठीक हाय. पर जोवर ह्यातली दारू जात न्हाई, तोवर ही खोली माझ्या नजरंखाली. आन् आप्पाला मीच सांगणार. दुसऱ्याकडून त्याला कळायला नको."

त्यांनी सांगितलं आणि आप्पांनी ते संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचवलं. दारूबंदीवाल्यांच्या घरी भट्टी लागली. मामा चहाला गेले की कुणीतरी विचारायचं, "काय, माल कवा मिळंल?" मामा शांतपणे म्हणायचे, "अजून दारू हाय. आंबट झाल्यावर या." 

आणि मग घरात एक वेगळंच सुरू झालं. मी शिरूरहून आले, पायातल्या चपला काढते न काढते तोच मामा ओट्यावरून सांगायला लागायचे. आज बुडबुडे बंद झाले. आज चिलटं लय झालती, मी कापड दुहेरी केलं. ॲसिड होण्यासाठी हवा लागते हे मी सांगितल्यावर त्यांनी त्या खोलीची कधी न उघडणारी खिडकी तेल घालून उघडली. एके दिवशी त्यांचा आवाज जरा दबका होता. "वर साय धरलीय. जाडजूड. तुझी आत्या काढून टाकती म्हणत होती, मी म्हणलं थांब, तिला येऊ दे."

मी जाऊन बघितलं आणि इतका आनंद झाला की मी तिथंच टाळी वाजवली. पांढरट, मऊ, जेलीसारखी साय होती. तिच्यातच ते जंतू असतात, दारूचं ॲसिड करणारे. आत्यांना ती बघून शिसारी आली. मामांनी मात्र तिच्याबद्दल सगळं विचारून घेतलं, ते जंतू काय खातात, श्वास घेतात का, थंडीत मरतात का. रोज एवढं बोलल्यावर मध्ये आत्यांची गरज उरली नाही. त्यांनाही ते लक्षात आलं असणार, कारण एकदा जेवताना त्या आपल्या आपण म्हणाल्या, "मला आता जरा निवांत जेवायला मिळतंय."

वासात फरक पडला. नाकाला झोंबणारा, स्वच्छ आंबट वास यायला लागला. आत्यांच्या मते तयार झाला होता. मामा म्हणाले, "वासावर न्हाई जायचं. मापून सांग."

मी औषधाच्या बाटलीतून थोडा सिरका कॉलेजात नेला. आंबटपणा मोजणं सोपं होतं. दारू उरलीय का हे बघायला तो थोडा तापवून वाफ गार करून घेतली आणि त्यात नारिंगी रंगाचं डायक्रोमेट घातलं, आम्लाबरोबर. दारू असली तर ते नारिंगी पाणी हिरवं होतं. ॲसिटिक ॲसिड असलं तर काही होत नाही. परीक्षानळीकडं बघत उभी राहिले. पाणी आधी मळकट झालं, मग हिरवं.

घरी जाऊन काय सांगायचं ह्याचा मी गाडीवर सगळ्या रस्त्यानं विचार केला. शेवटी जे होतं ते सांगितलं.

"अजून आहे, मामा. कमी झालीय, पण आहे."

मला वाटलं ते निराश होतील. ते फक्त म्हणाले, "मग थांबायचं. ह्यात घाई करून काय उपयोग?" आणि कापड नीट बांधायला गेले.

पुन्हा थांबलो. पावसाळा येऊन गेला, बाजरी काढून झाली. एक दिवस मामांचं शिरूरला तहसील कचेरीत काम निघालं. सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर आणि टोपी घातली, हातात पिशवी घेतली आणि मला म्हणाले, "मी आज तुझ्याकडं येतो. ह्यात बाटली हाय. माझ्यासमोर बघ काय ते."

दुपारी बारावीचं प्रॅक्टिकल होतं. मामा आले ते प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून उभे राहिले. मी म्हटलं, "मामा, चपला घाला, इथं काचा असतात, अनवाणी चालत नाही." ते जरा संकोचले, मग चपला घालून आत आले आणि स्टुलावर पाठ ताठ करून बसले. मुलं मुली आपापली कामं सोडून बघायला लागली.

"आमची सून हाय ही," मामांनी सगळ्यांना सांगितलं. ते सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी हसलं नाही.

मी त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला बोलावलं. तिनं ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची नळी, अल्कलीनं भरली, फ्लास्कमध्ये सिरका घेतला, फिनॉल्फथॅलीनचे थेंब घातले. वरून अल्कली सोडली की गुलाबी ठिपका उमटायचा आणि फ्लास्क हलवला की नाहीसा व्हायचा. मामा पुढं वाकले.

"कुठं जातोय त्यो रंग?"

"अजून आम्ल शिल्लक आहे, आजोबा," ती म्हणाली. "ते संपलं की रंग टिकेल."

"मी करू का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मामांनी तोटी धरली, गाईच्या सडाला हात लावावा इतक्या हलक्या हातानं. गुलाबी येत राहिला, जात राहिला, जायला उशीर करायला लागला. मग एकदम सगळा फ्लास्क गडद गुलाबी झाला.

"लय झालं का?"

"थोडं जास्त झालं, आजोबा. फिका यायला पाहिजे. परत करावं लागेल."

मामांनी परत केलं. दुसऱ्या वेळी फिका गुलाबी आला, इतका फिका की पांढऱ्या फरशीवर धरल्याशिवाय दिसेना, आणि हलवल्यावर तसाच राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी टोपी नीट केली.

मग दुसरी परीक्षा. वाफ गार करून घेतली, नारिंगी पाणी घातलं, नळी कोमट पाण्यात ठेवली. मुलं भोवती गोळा झाली. मी नळी बाहेर काढून मामांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडं धरली, एक डोळा मिटून बघितली, मग दुसरा मिटून.

"नारिंगीच हाय."

"नारिंगीच आहे, मामा."

"हिरवं काय न्हाई."

"काही नाही."

त्यांनी नळी मला परत दिली आणि रुमालानं चेहरा पुसला. त्या दिवशी ते तहसीलच्या कामाला गेलेच नाहीत. माझं कॉलेज सुटेपर्यंत थांबले आणि माझ्या स्कूटीवर मागं बसून घरी आले. सगळ्या रस्त्यानं ते बोलत होते आणि वाऱ्यात मला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी गावजेवणच घातल्यासारखं केलं. आप्पा, टपरीवरचे सगळे, आणि भट्टी बंद करायला गेलेल्या बायका, ज्या ज्या आहेत त्या सगळ्या. आत्यांनी पिठलं, भाकरी, ठेचा केला आणि परातभर कांदा सिरक्यात मुरवून ठेवला, बिटाच्या फोडी घालून, त्यामुळं तो लालबुंद झाला होता. मामांनी गाळलेला सिरका बाटल्यांत भरून ओट्यावर मांडला होता. पहिली फोड आप्पांना दिली.

आप्पांनी ती आधी हुंगली. "ह्यात काय न्हाई ना?"

"काय न्हाई. मी स्वतः तपासलंय," मामा म्हणाले. आणि मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. मी आत भाकऱ्यांची टोपली भरत होते, हात थांबवून ऐकत राहिले.

"दारूचा कण असतो, त्याला एकच ऑक्सिजन. हायड्रोजन सोडला की सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. म्हणून त्यो सोडतच न्हाई. सिरक्याला दोन ऑक्सिजन. दोघं मिळून भार धरत्यात. म्हणून ते सोडून देतं, आन् सोडलं की आंबट लागतं. ॲसिड म्हंजी दुसरं काय न्हाई, सोडून द्यायची तयारी."

आप्पा चावत चावत ऐकत होते. "म्हंजी तुमच्या सुनंनं दारूचं पार वाटोळं केलं म्हणायचं."

"व्हय," मामा म्हणाले. "घ्या अजून एक फोड."

बायका हसत होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींनी मला बाहेर बोलावून घेतलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली, चांगली जोरात. परात रिकामी झाली. आत्यांनी उरलेला लाल रस भाकरीच्या तुकड्यानं टिपून खाल्ला आणि गुऱ्हाळावरच्यापेक्षा आपला जरा बरा झालाय असं जाहीर केलं.

सोमवारी मी वर्गात खडू खाली ठेवला आणि मुलांना भाऱ्याचं सांगितलं, एकट्यानं वाहायचा भारा आणि दोघांनी वाहायचा. पहिल्या बाकावरची ती मुलगी हळूहळू मान हलवत होती. मग तिनं हात वर केला.

"मॅडम, मग फिनॉलमध्ये तर एकच ऑक्सिजन आहे. तरी ते अल्कोहोलपेक्षा कितीतरी जास्त आम्लधर्मी असतं. ते कसं?"

संध्याकाळी मी मामांना हे सांगितलं. ते ओट्यावर शेंगा सोलत बसले होते, मीही समोर बसून सोलायला लागले.

"फिनॉल म्हंजी?" त्यांनी विचारलं.

"पूर्वी दवाखान्यात वास यायचा ना, जंतू मारायच्या औषधाचा, ते."

"हां. त्याला एकच ऑक्सिजन?"

"एकच. पण तो कार्बनच्या एका कड्याला जोडलेला असतो. सहा कार्बनचं गोल कडं. त्या ऑक्सिजनवर भार आला की तो एकट्यानं नाही वाहत. त्यातला थोडा त्या कड्यात सरकवतो, आणि कडं तो आपल्यात फिरवत राहतं."

मामांनी शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले. "म्हंजी हितं आख्खं घर हात लावतंय."

"हो. पण ऑक्सिजनइतकं ते कार्बनला जमत नाही. म्हणून फिनॉल सिरक्याइतकं आंबट नसतं. मधलं असतं."

"आन् ती पोरगी काय म्हणली?"

"ती म्हणाली, त्या कड्याला आणखी काही जोडलं तर?"

मामांनी हात थांबवला. "जोडता येतं व्हय?"

"येतं. आणि काय जोडलं त्याप्रमाणं आंबटपणा कमी-जास्त होतो."

"काय जोडल्यावर वाढतो?"

मी ताटलीतला एक दाणा उचलून मध्ये ठेवला, त्याच्याभोवती आणखी दाणे गोल मांडले आणि सांगायला लागले. आतून आत्यांनी जेवायला या म्हणून हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. मामा दाण्यांवरून नजर न काढता म्हणाले, "येतो गं, जरा थांब. ही काय सांगती ते ऐकू दे."